जावयाची गाडी

आमच्यात जावयाने दिलेल्या वस्तूत खोट काढत नाहीत. त्याने साडी आणली तर पदर उलटून बघायचा नाही, आंबे आणले तर दाबून बघायचे नाहीत. माझ्या आईने हा नियम इतका कडक पाळला की लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्या नवऱ्याने नेलेलं भिंतीवरचं घड्याळ महिन्याभरात बंद पडलं, तरी तिने ते कधी उतरवलं नाही. वेळ बघायला ती शेजारणीला हाक मारायची. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने आपली पिकअप विकायची ठरवली आणि माझा धाकटा भाऊ ती घ्यायला तयार झाला, तेव्हा आईने त्याला फोनवरून बजावलं की जावयाची गाडी आहे, उगाच बॉनेट उघडून बघत बसू नकोस.

आम्ही मुलुंडला चेकनाक्याच्या बाजूच्या एका चाळीत राहतो. नवरा रोज पहाटे वाशीच्या बाजारातून भाजी भरून आणायचा आणि भांडुप-मुलुंडच्या भाजीवाल्यांना पोचवायचा. गाडी डिझेलची, मीटर साडेतीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला. गाडी दमली तशी त्याची कंबरही दमली. डॉक्टरने मणक्याचा फोटो उजेडात धरून दाखवला आणि गोण्या उचलणं बंद करायला सांगितलं. एका कंपनीच्या माणसांची ने-आण करणाऱ्या बसवर त्याला नोकरी मिळत होती, म्हणून गाडी विकायची हे ठरलं.

मला गाडी चालवता येत नाही. पण या गाडीची सकाळ मला पाठ होती, कारण ती आमच्या खिडकीखालीच उभी असायची. गेली दोन वर्षं थंडीत ती काही सुखाने उठत नव्हती. नवरा इंजिनचा हीटर मारायचा, थांबायचा, मग सेल्फ मारायचा. सेल्फ घर्र घर्र करत राहायचा आणि इंजिन काही पकडायचं नाही. दोन-तीनदा असं झाल्यावर ते एकदाचं खोकत सुरू व्हायचं आणि पांढऱ्या धुराने गल्ली भरून जायची. मी आधीच उठून खिडकी लावून घ्यायचे. एकदा तापली की मात्र दिवसभर कसलीही तक्रार नाही. घाटकोपरच्या पुलावर भरल्या हौद्याने चढायची. इंजिन आतून झिजलंय आणि कधीतरी पूर्ण खोलावं लागणार, हे नवऱ्यानेच मला सांगितलं होतं.

माझा भाऊ कांदिवलीला राहतो. पार्सलच्या एका गोदामात तो रात्रपाळीला खोकी उचलायचा. स्वतःची गाडी असावी, दुसऱ्याची खोकी आपल्या गाडीतून न्यावीत, एवढंच त्याचं स्वप्न. बायको सहा महिन्यांची गरोदर. तिने मंगळसूत्र सोडून अंगावरचं सगळं मोडायला काढलं होतं आणि तो नोकरीचा राजीनामा देणार होता. गाडीचं इंजिन दोन महिन्यांत बसलं असतं तर त्या घरात उभं राहायला काही उरलं नसतं. हे मला दिसत होतं, पण मी निवांत होते. नवरा त्याला सगळं सांगून मगच गाडी देणार, त्यात मला शंकाच नव्हती.

कारण माझा नवरा तसलाच माणूस. एकदा बाजारात मटारची एक गोणी त्याच्या गाडीत चुकून जास्त चढली. ती परत करायला हा मुलुंडहून पुन्हा वाशीला गेला. मी म्हटलं, अहो, त्या मटारपेक्षा डिझेल महाग पडलं. तर मला म्हणतो, मटार गोड लागला नसता. असल्या नवऱ्याबद्दल बायको चारचौघांत कटकट करते आणि मनातून मिरवते. मीही मिरवायचे.

ठरल्या रविवारी भाऊ मोटरसायकलवरून आला, आणि त्याच्या मागे बसून त्याचा एक गॅरेजवाला मित्र आला. तिथेच माझा चेहरा उतरला. आईने एवढं सांगूनही हा दाजींची गाडी बघायला बाहेरचा माणूस घेऊन आला. भावालाही त्याची लाज वाटत असावी. मला बाजूला घेऊन तो म्हणाला की हा सहज आलाय, ताईच्या हातची मासळी खायला. मित्राच्या मागच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. मला बघायला आले होते तेव्हा सासूबाईंनीसुद्धा आपली एक जाऊ बरोबर आणली होती, आणि ती सहज आलेली जाऊच मला चालून दाखव म्हणाली होती.

मी दाराशी उभी होते. नवरा पायऱ्या उतरून हसत पुढे गेला, "या पावणं" म्हणाला. गॅरेजवाल्याने एका हाताने नमस्कार केला आणि दुसरा हात सहज ठेवावा तसा बॉनेटवर ठेवला. तो हात त्याने उचलला नाही.

"गरम आहे. आत्ताच फिरवून आणली का, काका?"

"मासळी आणायला गेलो होतो," नवरा म्हणाला. "पावणे येणार होते ना."

मासळी खरोखर आणली होती. बांगडे ओट्यावरच होते. पण मासळीबाजार आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथे माणसं घरातल्या चपला घालून जातात. रविवारी तिथे सायकल उभी करायलाही जागा मिळत नाही, आणि इतक्या वर्षांत माझा नवरा मासळीला गाडी घेऊन गेल्याचं मला आठवत नव्हतं. डिझेलच्या गाडीची खोट लपवायची तर ती अशीच लपवतात. आधी तासभर फिरवून इंजिन तापवायचं, म्हणजे ते गिऱ्हाइकासमोर एका झटक्यात सुरू होतं. या धंद्यातल्या लबाड्या मला नवऱ्यानेच हसत हसत सांगितल्या होत्या.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी आत जाऊन बांगड्यांना मीठ-हळद लावायला लागले. लावलेल्यालाच पुन्हा लावलं. मला राग यायला हवा होता, पण राग नाही आला, लाजच आली. आपला माणूस आपल्याच भावाशी खोटं बोलताना ऐकणं म्हणजे आपणच बोलल्यासारखं असतं. आणि ते बाहेरच्या माणसासमोर.

गाडी अर्थातच पहिल्या सेल्फला सुरू झाली. तिघे तिला चेकनाक्यापर्यंत नेऊन आले. गॅरेजवाल्याने खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, स्टिअरिंग हलवून बघितलं, इंजिनला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याला कान लावला. चालायला झकास आहे, असं म्हणाला. गार इंजिनवर एकदा बघायला पाहिजे होती, हेही म्हणाला, पण भावाने त्याला कोपराने ढोसलं आणि दाजींची गाडी आहे यार, म्हणून गप्प केलं. मग त्याने मोटरसायकलच्या डिकीतून नारळ काढला. आमच्याकडे गाडीसमोर नारळ फुटला की व्यवहार झाला. त्यानंतर मागे फिरायचं तर शत्रूलाही लाज वाटते. इथे तर मेव्हणे-पाहुणे होते.

मी हात धुतले न धुतले तशी बाहेर आले आणि म्हणाले, "आज नारळ नको. अमावस्या आहे."

अमावस्या नव्हती. का सुचलं माहीत नाही. भाऊ थबकला, आणि गॅरेजवाला तर एक पाऊल मागेच सरला. गाड्यांच्या धंद्यातली माणसं असल्या गोष्टी फार मानतात. मी म्हटलं, रात्री इथेच राहा, सकाळी उठून नारळ फोडा, बांगड्यांचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. खात्री करून घ्यायला नवरा आत गेला. दारामागे कॅलेंडर आहे. तो त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो. अमावस्याच आहे."

मला वाटलं, चोराला चोराची साथ. मी कशासाठी बोलले ते त्याला कळलंय आणि आता माझं खोटं उघडं पाडलं तर आपलंही पडेल, म्हणून हा मान डोलावतोय. त्या रात्री आकाशात चांगला अर्धा चंद्र होता, पण आमच्या गल्लीतून तो कोणाला दिसणार. जेवणं झाल्यावर नवरा भावाला एकट्याला घेऊन पान खायला गेला. परत यायला त्यांना वेळ लागला. गॅरेजवाला तोवर टीव्ही बघत होता आणि मी भांडी घासता घासता मनात म्हणत होते, आता हा त्याला आणखी लोणी लावतोय. झोपायच्या आधी मी खिळ्यावरची गाडीची चावी काढली आणि कमरेला खोचली.

पहाटे गल्लीतल्या नळाला पाणी यायच्या आधी नवरा उठला. पाहुणे बाहेरच्या खोलीत, आम्ही स्वयंपाकघरात, मध्ये पडदा. तो खिळा चाचपडत असलेला मला ऐकू आला.

"चावी कुठंय?" तो अगदी हळू म्हणाला.

"माझ्याकडे आहे."

"दे. काम आहे जरा."

"कसलं काम ते मला माहितीय. नाही देणार. माझा भाऊ आहे तो."

तो तसाच उभा राहिला. माझा आवाज हळू नव्हता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्याने माझं तोंड नीट बघितलं, आणि मीही ते लपवलं नाही. मग तो पडदा सारून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. पुन्हा त्याने चावी मागितली नाही.

सकाळी भाऊ नळावर तोंड धुवायला गेला होता. गॅरेजवाला चहा संपवून दारात जांभया देत होता. नवरा तिथेच ओट्यावर होता. मी चावी काढली आणि त्याच्यासमोरून पुढे होऊन त्या परक्या माणसाच्या हातात दिली. म्हटलं, तुम्हाला गार बघायची होती ना, बघा. हे मी नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले.

पुढचं मी आधी सांगितलंच आहे, कारण ते रोजचंच होतं. फरक एवढाच की रोज ते अंधारात व्हायचं आणि त्या दिवशी सगळी चाळ दात घासत उभी होती. हीटर, सेल्फ, घर्र घर्र. पुन्हा हीटर, पुन्हा सेल्फ. तिसऱ्या खेपेला इंजिनने पकडलं आणि सगळी गाडी थरथरायला लागली. पांढरा धूर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला. समोरच्या आजींनी पदर नाकाला लावला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं, आणि ते झाकण टुण्‌टुण् उडायला लागलं. भोकातून धूर येत होता.

"बॅक मारतेय," तो भावाला ओरडून म्हणाला. "रिंगा गेल्यात सगळ्या. इंजिन खोलावं लागेल. म्हणून काल गरम करून दाखवली." मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "काय काका, घरच्याच माणसाला?"

भाऊ ओल्या तोंडाने नळावरून धावत आला होता. माझा नवरा ओट्यावरून उठला. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. भाऊ वाचला होता. पण नवऱ्याच्या बनियनच्या बाहेर आलेले ते खांदे आणि सगळी चाळ त्याच्याकडे बघतेय, हे बघून मला कुठे तोंड लपवावं कळेना.

भावाने हात पुसले आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "ताई, नारळ आण."

"वेडा आहेस का तू?" गॅरेजवाला म्हणाला.

"मी घेणार आहे गाडी. दाजींची गाडी आहे."

तो खरंच घेणार होता. बहिणीच्या दारात, तिच्या शेजाऱ्यांसमोर, तिच्या नवऱ्याला खाली बघायला लावण्यापेक्षा त्याला बायकोचे दागिने घालवणं परवडत होतं. आईने त्याला तसंच वाढवलं होतं, आणि मलाही. मी जागची हललेच नाही.

नवरा गाडीपाशी गेला आणि त्याने ती बंद केली. मग सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात त्याने गाडीची एकेक खोट सांगायला सुरुवात केली. रिंगा तर गेल्याच आहेत. केबिनच्या मागे चासीला तडा होता, तिथे वेल्डिंग करून वर रंग मारलाय, तो या मित्राला काल दिसला नाही. भरल्या गाडीला उतारावर ब्रेक डावीकडे ओढतो. शेवटी नवरा भावाला म्हणाला की ही गाडी मी तुला देत नाही, तू राजीनामा देऊ नकोस, आणि जाताना पोहे खाऊन जा. पोहे कोणीच खाल्ले नाहीत.

दुपारी घरात दोघंच होतो. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. म्हणाला, "सकाळी मी त्याला एकट्याला उठवून गार गाडी दाखवणार होतो. म्हणून चावी मागितली."

मी म्हटलं, "पकडल्यावर सगळेच असं म्हणतात."

त्याने मान हलवली, जणू मी भाजीचा भाव सांगितला होता. त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत नवा विनोद निघाला. कोणी कोणाला चहा दिला की विचारायचे, गरम करून दाखवताय की खराच गरम आहे? नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. गाडी पुढे एका जुन्या गाड्या तोडणाऱ्याने नेली. त्याने काही विचारायच्या आधीच नवऱ्याने त्याला तिचे सगळे दोष सांगितले. तो माणूस हसला, म्हणाला की मला तर फक्त लोखंडच न्यायचंय.

भावाचा फोन आला तेव्हा नवरा बसच्या ड्युटीवरून येऊन युनिफॉर्म काढत होता. भाऊ गोदामातच होता, दिवसपाळी मिळाली होती, वहिनी बरी होती. मी आवाज उतरवून म्हटलं की दाजींचं मनावर घेऊ नकोस, माणूस अडचणीत असला की असं करतो. मी नवऱ्याच्या वतीने माफी मागत होते.

भाऊ म्हणाला, "ताई, पान खायला गेलो तेव्हाच दाजींनी सगळं सांगितलं होतं मला. गरम करून आणली ते पण. म्हणाले, तुझ्या ताईने अमावस्या काढली ते बरं झालं, एक रात्र मिळाली. पहाटे तुला एकट्याला उठवतो, गार असताना बघ, मग घे नाहीतर नको. मित्रासमोर नको, एवढंच म्हणाले. मी जागाच होतो गं. तू चावी दिली नाहीस, ते ऐकलं मी."

"मग उठला का नाहीस? बोलला का नाहीस?"

"तुम्हा दोघांच्या मधी मी काय बोलू?"

मी फोन ठेवला. नवऱ्याने शर्ट हँगरला लावत विचारलं, कोणाचा होता. भावाचा, म्हटलं. काय म्हणतो, त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, बरा आहे.

त्याला महिने झाले. मला नवऱ्याला सांगायचंय की तुम्ही खरं बोलत होतात. रोज सांगायचं ठरवते. पण ते सांगितलं की त्याला हेही कळणार की मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, भावाने सांगितल्यावर ठेवला. त्याने विचारलं नाही तरी कळेल. मग मी गप्प बसते आणि त्याच्या कमरेला तेल चोळून देते, आणि तो पालथा पडून म्हणतो की आज तुझ्या हाताला जोर नाही.